चार नंबरच्या लाइनवरचे बादलीमास्तर

बादलीमास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. आयुष्यात त्यांनी कुणाला काही शिकवलं असेल तर ते एवढंच, की दाराची मूठ फिरवण्याआधी प्रेशरच्या काट्याकडे बघावं, आणि काटा शून्यावर असला तरी त्याच्यावर लगेच विश्वास टाकू नये. तेलाच्या कंपनीत ते फिटर म्हणून लागले आणि एकतीस वर्षं एकच काम करत राहिले. जमिनीखालून येणारी चार नंबरची पाइपलाइन आतून साफ ठेवायची.

हे काम नेमकं काय असतं ते त्यांच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी मध्यस्थाला विचारलं, "मुलगा करतो काय?" मध्यस्थ म्हणाला, "तेल कंपनीत डुकरं सोडतो." सासऱ्यांनी पत्रिकेची घडी घालून ती बाजूला ठेवली. मग म्हणाले, "नोकरी कायमची आहे ना?" कायमची होती. लग्न झालं.

विहिरीतून नुसतं तेल कधीच येत नाही. तेल, गॅस, खारं पाणी आणि वाळू अशी चौघांची वरात एकाच नळीतून एकमेकांना ढकलत निघते. गॅस हलका, तो वरून पुढे पळतो. पाणी तळाशी बसून लोखंड खातं. तेलात मेण असतं, ते जमिनीखालचा गारवा लागला की नळीच्या भिंतीला धरतं आणि महिना-दोन महिन्यांत असं जाड होतं की नळीचा घसा बसतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी लांबच्या टोकाला एक धूड नळीत घालायचं. त्याला रबराच्या घट्ट चकत्या आणि तारेचे ब्रश. मागून गॅसचा दाब दिला की ते धूड चाळीस किलोमीटर भिंती खरवडत, पुढ्यातला गाळ ढकलत या टोकाला येतं. येताना आतून किंचाळल्यासारखा आवाज होतो, म्हणून त्याला सगळे डुक्कर म्हणायचे. कंपनीच्या कागदांवर त्याचं नाव 'अंतर्गत स्वच्छता उपकरण' होतं, पण त्या नावाने हाक मारल्यावर वळून बघणारा माणूस कंपनीत एकही नव्हता.

डुक्कर यायच्या दिवशी मास्तर पहाटे उठून दाढी करत. बायको विचारायची, "ते तुम्हाला बघायला येणार आहे का?" त्यावर ते गालावरून हात फिरवून बघत. स्टेशनवर नळीच्या शेवटाला एक रुंद नळकांडं होतं, त्याला तिजोरीसारखं गोल दार. दारावर एक छोटी पत्र्याची झेंडी. डुक्कर आत शिरलं की झेंडी टपकन उभी राहायची. मग गॅस सोडून द्यायचा, काटा बघायचा, पुन्हा बघायचा, बाजूला उभं राहून दार उघडायचं आणि डुकराला हुकाने बाहेर ओढायचं. त्याच्यामागोमाग काळा, चिकट, कुजक्या अंड्याच्या वासाचा गाळ यायचा. तो लगेच पाण्याने भिजवावा लागे, कारण त्यातली काळी भुकटी सुकली की आपली आपण पेटते. मास्तर तो गाळ एका निळ्या प्लास्टिकच्या बादलीने मोजत. बादलीला आतून त्यांनी स्वतः रंगाने रेघा मारल्या होत्या. किती बादल्या निघाल्या, त्यात मेण किती, वाळू किती, सगळं लिहून ठेवत. गाळ बघून ते सांगत की लाइन कुठे धरतेय, पुढच्या वेळी ब्रश कडक लावायचा की मऊ. नाव पडलं ते यावरून.

बायको नगरपालिकेच्या ऑफिसात जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर माणसांना रकान्यांत बसवून ती घरी यायची आणि नवऱ्याचे कामाचे कपडे गॅलरीत वेगळ्या टबात टाकायची. संसार तसा बरा चालला होता. त्यात काटा एकच होता. तो म्हणजे मास्तरांचे साडू.

साडू त्याच कंपनीत, सहा नंबरच्या लाइनवर, मास्तरांच्याच हुद्द्यावर होते. माणूस वाईट नव्हता. हौशी होता. कपाळावरचे केस मागे वळवून बसवायचे, खिशाला दोन पेनं, आणि साहेब दिसला की पाठीचा कणा आपोआप थोडा वाकायचा. साडूंची बायको थोरली, मास्तरांची धाकटी; दोघी सख्ख्या बहिणी, दोघींचे नवरे एकाच कंपनीत एकाच कामावर, त्यामुळे तुलनेला बाहेर कुठे जावं लागत नसे. थोरलीच्या घरी नवा फ्रीज आला की धाकटीच्या घरचा जुना फ्रीज जास्त आवाज करायला लागायचा.

मास्तरांच्या नोकरीची सव्वीस वर्षं अशी गेली. मग कंपनीत नवे साहेब आले.

साहेबांना आकड्यांचं फार वेड. "माणसं बोलतात, आकडे सांगतात," असं ते पहिल्याच भाषणात म्हणाले आणि टाळ्या थांबेपर्यंत पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत राहिले. त्यांनी एक सल्लागार बाई आणल्या. बाई हुशार होत्या. सातही लाइनी त्यांनी दोन दिवसांत बघितल्या, म्हणजे सात नंबरची गाडीतून बघितली. त्यांच्या नव्या हेल्मेटवरचा दुकानाचा चिकटलेला कागद तसाच होता. मास्तरांना त्यांनी विचारलं, "एका खेपेला किती गाळ निघतो?"

"सरासरी चौदा बादल्या."

"आणि कमी निघाला तर?"

"कमी निघाला तर एकतर लाइन साफ आहे, नाहीतर डुक्कर कामचुकार आहे."

बाईंनी वाक्याचा पहिला अर्धा भाग लिहून घेतला.

महिन्याभराने कँटीनमध्ये भिंतीवर मोठा टीव्ही लागला. त्याच्यावर सातही लाइनींची क्रमवारी. गाळाला आता 'निष्कासित घनावशेष' म्हणायचं होतं. घनावशेष जितका कमी तितकी लाइन स्वच्छ, म्हणून कमी गाळवाला वर, हिरव्या पट्टीत, आणि जास्त गाळवाला खाली, लाल पट्टीत. चार नंबरची लाइन चौदा बादल्यांसह तळाला होती.

मास्तर साहेबांना भेटायला गेले. म्हणाले, "साहेब, गाळ निघतोय म्हणजे लाइनीतून बाहेर पडतोय. जो टीव्हीवर दिसत नाहीये तो आत आहे."

साहेब म्हणाले, "तुम्ही फार वर्षं गाळात आहात. जरा वर या."

वर यायचं म्हणजे काय ते साडूंना बरोबर कळलं. स्टोअरमध्ये पिवळ्या स्पंजची डुकरं पडून असायची. ती नवीन लाइन कोरडी करायला वापरतात. मऊ, हलकी, पोरांनी उशी म्हणून घ्यावीत अशी. साडूंनी ब्रशचं डुक्कर बाजूला ठेवलं आणि सहा नंबरमध्ये स्पंज सोडायला सुरुवात केली. स्पंज मेणावरून गुळगुळीत सरकत यायचा आणि एखादी बादली ओलसर काळं पाणी आणून टाकायचा. सहा नंबर दोन महिन्यांत पहिला आला. ते बघून एक, दोन, तीन, पाच आणि सात नंबरनेही स्पंज मागवले. स्टोअरवाल्याला वाटलं, कंपनीने गाद्यांचा जोडधंदा काढला.

मास्तरांचा ब्रश चालूच होता, त्यामुळे त्यांची पट्टी लालच राहिली. त्यांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता 'स्वच्छतेची सकारात्मक दृष्टी'. शिकवणाऱ्या गृहस्थांनी सगळ्यांना डोळे मिटून एक लखलखीत नळी डोळ्यांपुढे आणायला सांगितली. मास्तरांनी डोळे मिटले आणि त्यांना गाढ झोप लागली. 'विषयाशी पूर्ण एकरूप' असा शेरा मारून त्यांना प्रमाणपत्र मिळालं.

वर्षाअखेरीस साडूंना चषक मिळाला. फूटभर उंच, सोनेरी, वर एक चकाकती नळी आणि खाली 'सर्वात स्वच्छ लाइन'. थोरलीने सगळ्यांना जेवायला बोलावलं. चषक दिवाणखान्यात अशा जागी ठेवला होता, की पाणी मागितलं तरी त्याच्या कडेने जावं लागे. साडू नम्रपणे म्हणत होते, "अहो, माझं कसलं त्यात? लाइनच गुणी आहे." मास्तरांनी चषक हातात घेऊन बघितला, नळीच्या आत बोट घालून बघितलं आणि परत जागेवर ठेवला.

घरी परत जायला दोघं बसच्या थांब्यावर आले. बस आल्यावर बायको खिडकीशी बसली आणि म्हणाली, "तुम्ही दोन बादल्या कमी लिहिल्या तर आभाळ कोसळणार आहे का?"

"आभाळ नाही. लाइन तुंबेल."

"आपली तुंबेल?"

"भाऊजींची आत्ताच तुंबत आलीय. त्यांना अजून पत्ता नाही."

बायकोने त्यांच्याकडे निरखून बघितलं. नवरा जळतोय की खरं बोलतोय हे तिला चेहऱ्यावरून ठरवायचं होतं. दोन्ही असावं असं तिला वाटलं, आणि ते बरोबरही होतं.

कारण पुढच्याच पंधरवड्यात मास्तरांनीही स्पंज सोडला. कुणाला सांगितलं नाही. एक बादली पाणी निघालं. कँटीनमधल्या टीव्हीवर चार नंबरची पट्टी लाल सोडून हिरवी झाली, दोन माणसांनी येऊन पाठ थोपटली आणि चहावाल्याने चहा न मागता पुढे केला. मास्तरांना तो चहा गोड लागला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते बरे होते. मग त्यांना उगाच नळीच्या आत बसल्यासारखं वाटायला लागलं. मागून पाणी चढतंय आणि भिंती जवळ येताहेत असं. सुट्टी संपायच्या आत त्यांनी लांबच्या टोकाला फोन लावला आणि ब्रशचं डुक्कर सोडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एकोणीस बादल्या निघाल्या. पट्टी इतकी लाल झाली की टीव्ही बिघडला असावा म्हणून कुणीतरी तो बंद करून चालू केला.

त्यांनी साहेबांना एक चिठ्ठी लिहिली. फक्त स्पंज फिरवला तर भांडं पुसलं जातं, घासलं जात नाही, सहा नंबरकडे बघावं, असा चार ओळींचा मजकूर होता. चिठ्ठीवर लाल शाईत 'नकारात्मक' असं लिहून ती परत आली.

त्यानंतर दीड वर्षाने, एका सकाळी, सहा नंबरच्या लांबच्या टोकाला प्रेशरचा काटा वर चढायला लागला. या टोकाला तेलाची धार बारीक झाली होती. साहेब स्वतः आले. त्यांना तुंबलेली लाइन माहीत नव्हती, तुंबलेला रस्ता माहीत होता. त्यावरून त्यांनी हुकूम सोडला, "सगळ्यात मोठं डुक्कर सोडा."

साडू हळूच म्हणाले, "साहेब, एकदम मोठं घातलं तर पुढे मेणाचा डोंगर साठेल."

"चषक तुम्हालाच मिळाला होता ना? मग आत डोंगर आला कुठून?"

साडूंनी लांबच्या टोकाला फोन लावला. कडक ब्रशचं, सगळ्यात दणकट डुक्कर नळीत गेलं. संध्याकाळपर्यंत झेंडी उभी राहिली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धार पार बंद झाली. डुकरात ठावठिकाणा सांगणारं यंत्र बसवायची सोय होती, पण त्याची बॅटरी मागवायचा अर्ज 'अनावश्यक' म्हणून परत आला होता, कारण एवढ्या काळात कंपनीत एकही डुक्कर अडकलं नव्हतं. स्पंज कशाला अडकेल?

तिसऱ्या दिवशी सकाळी साडू मास्तरांच्या दारात उभे. केस वळवलेले नव्हते. खिशाला एकच पेन.

"या, भाऊ," मास्तर म्हणाले.

साडू खुर्चीच्या कडेवर टेकले. टेबलावरची मीठदाणी त्यांनी उगाच सरळ केली. "मास्तर, तुम्हाला सगळं माहीतच आहे."

"माहीत आहे."

"मग बोला की चार शब्द. शिव्या द्या. मला बरं वाटेल."

"शिव्या नंतर देतो. डुक्कर कधी सोडलं, किती प्रेशर होतं, आणि धार एकदम बंद झाली की हळूहळू?"

साडूंनी सांगितलं. मास्तरांची बायको चहा घेऊन आली, तिने कप ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, ताईला सांगितलंत का?"

"नाही. ती चषक पुसत होती."

मास्तर निघाले. बरोबर फक्त एक हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. डुक्कर अडकतं तिथे त्याच्या कडेने गॅस निसटतो, आणि निसटताना शीळ घालतो. ती शीळ लोखंडातून लांबवर जाते. लाइन जमिनीखाली असली तरी नदीवरच्या पुलाला, रस्त्याखालच्या मोरीला, व्हॉल्व्हपाशी ती उघडी असते. अशा प्रत्येक जागी मास्तर गुडघ्यांवर बसायचे, स्क्रू ड्रायव्हरचं टोक नळीला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. साडू शेजारी श्वास रोखून उभे राहायचे. दहाव्या किलोमीटरला काही नाही. चौदाव्याला कुजबुज. सतराव्याला स्पष्ट शीळ. एकोणिसाव्याला पुन्हा शांत.

"इथेच आहे, सतरा आणि एकोणीसच्या मधे," मास्तर म्हणाले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर साडूंच्या हातात दिला. "ऐका."

साडूंनी सतराव्या किलोमीटरला कान लावला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी लाइन आतून पहिल्यांदाच ऐकली. "रडल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले.

"गॅस आहे तो. रडायचं काम आपल्याकडे."

साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. सल्लागार बाईंच्याच ऑफिसमधले दुसरे एक गृहस्थ आले होते. त्यांचं मत पडलं की प्रेशर आणखी वाढवावं. मास्तर म्हणाले, प्रेशर वाढवलं तर डुक्कर मेणात आणखी रुतेल आणि शेवटी नळी फाटेल. चकत्या दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या आहेत, तेव्हा या टोकाने दाब द्यावा, त्या टोकाचा कमी करावा आणि डुक्कर उलटं माघारी आणावं.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "माघार आपल्या धोरणात बसत नाही."

"धोरण पुढे जाऊ द्या, साहेब. डुक्कर तेवढं मागे येऊ द्या."

केबिनमध्ये कुणी हसलं नाही, पण तीन माणसांना एकाच वेळी खोकला आला.

डुक्कर मागे आणायला एक दिवस लागला. ते निघालं तेव्हा ब्रशच्या तारा मेणात अशा थिजल्या होत्या की धूड मेणबत्तीसारखं दिसत होतं. मग मास्तरांनी घाई केली नाही. लाइनीत गरम तेल भरलं आणि ते मुरू दिलं. नंतर नळीपेक्षा पुष्कळ बारीक स्पंज सोडला. तो फाटून, पण आला. मग त्याहून दोन बोटं मोठा. मग आणखी मोठा. मग कडक स्पंज, मग मऊ ब्रश, आणि शेवटी तेच दणकट डुक्कर. प्रत्येक खेपेला पुढून तेल-पाण्याचा लोंढा यायचा, त्यामागे मेणाचे लोण्यासारखे गोळे, त्यामागे वाळू. साहेबांनी एक दिवस लांबून बघितलं आणि वासामुळे नाकाला रुमाल लावून परत गेले. साडू मात्र हे काम चाललं ते नऊही दिवस मास्तरांच्या शेजारी उभे राहून गाळ भिजवत होते. दोन दिवसांनी त्यांच्या कपड्यांनाही तोच वास यायला लागला आणि थोरलीने धाकटीला फोन करून विचारलं, "तू कपडे कुठे टाकतेस गं?"

एकूण दोनशे बारा बादल्या निघाल्या. त्या बादल्यांत एवढ्या काळात हरवलेल्या पिवळ्या स्पंजांचे तुकडेही होते. कंपनीच्या कागदांवर ते सगळे स्पंज सुखरूप पोचलेले होते.

नवव्या दिवशी दुपारी झेंडी टपकन उभी राहिली. साडूंनी दाराच्या मुठीला हात घातला, थांबले, काट्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मग बाजूला सरकून दार उघडलं. मास्तर तिथेच पालथ्या बादलीवर बसले होते. त्यांना तेव्हा काय वाटलं ते त्यांनी पुढे बायकोला सांगितलं. त्यांना वाटलं होतं की साडूंचं नाक खाली झालेलं बघून मजा येईल. मजा आलीच नाही. पाठ दुखत होती आणि माणूस शिकतोय हे बघून बरं वाटत होतं.

आता कंपनीचं काय झालं ते सांगायला हवं.

चौकशी झाली. दुसऱ्या सल्लागार गृहस्थांनी शोध लावला की पहिल्या पद्धतीत गाळ कमी निघण्याला बक्षीस होतं, ही मोठीच चूक. त्यांनी ती लगेच सुधारली. यापुढे ज्याचा गाळ जास्त तो वर. टीव्ही तोच ठेवला, फक्त पट्ट्या उलट्या केल्या. मास्तरांनी विचारलं, "आणि लाइन साफ असली तर?" गृहस्थ म्हणाले, "तो विदा आपल्याकडे नाही."

वर्षाअखेरीच्या सभेत साहेबांनी 'ऐतिहासिक घनावशेष-निष्कासन' या विषयावर पाऊण तास भाषण केलं. दोनशे बारा बादल्यांबद्दल सहा नंबरच्या लाइनीला पुन्हा पहिला चषक मिळाला. चार नंबरमधून आता खेपेला चार बादल्या निघत होत्या, कारण गेली दोन वर्षं कडक ब्रशने खरवडून ती आतून गुळगुळीत झाली होती. ती शेवटची आली. बाकीच्या पाच लाइनींवर गाळ अचानक वाढला. दोन नंबरच्या गाळात एकदा बाभळीचं पान सापडलं. जमिनीखालच्या लाइनीत बाभळ कुठून आली हे कुणी विचारलं नाही, कारण त्या खेपेला दोन नंबर तिसऱ्या जागेवर गेला होता.

साडू स्टेजवर गेले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. चषक घेतला आणि माइकसमोर उभे राहिले. "हा गाळ मीच साठवला होता," ते म्हणाले, "आणि काढला माझ्या साडूंनी." सभागृहात लोकांनी दाद दिली. साहेबांनी माइक घेऊन सांगितलं, की अशी विनम्रता प्रत्येक लाइनवर दिसली पाहिजे. पुढच्या वर्षीपासून तिचेही गुण ठेवण्यात येतील.

दुसरा चषक थोरलीने दिवाणखान्यात ठेवला नाही. पहिलाही उचलला. दोन्ही कपाटावर पेपरांच्या रद्दीमागे गेले. ती धाकटीला म्हणाली, "पुसायला वेळ होत नाही." धाकटीनेही जास्त विचारलं नाही.

साडू आता दर पंधरवड्याला ब्रशच सोडत होते. आधी चाळीस बादल्या, मग पंचवीस, मग अकरा, मग सहा. लाइन साफ होत गेली आणि सहा नंबर क्रमवारीत घसरत गेला. पुढच्या तिमाहीत चार आणि सहा नंबर दोघे मिळून तळाला होते. दोघांना एकाच मजकुराचं पत्र आलं: घनावशेष कमी का, याचा खुलासा करावा. खुलासा संगणकावर एका अर्जात भरायचा होता.

रविवारी सकाळी दोघे साडू मास्तरांच्या घरी टेबलावर संगणक उघडून बसले. 'कारण' या रकान्यात हाताने काही लिहिता येत नव्हतं, यादीतून निवडायचं होतं. साडूंनी चष्मा लावून यादी मोठ्याने वाचली. "कर्मचारी गैरहजर. उपकरण नादुरुस्त. निष्काळजीपणा. प्रतिकूल हवामान. कर्मचाऱ्याची उदासीनता."

"लाइन स्वच्छ आहे, असं नाही?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"खाली सरकवून बघा."

"सरकवलं. संपली यादी."

मास्तर म्हणाले, "मग पाठवू नका. मी साहेबांना जाऊन सांगतो." साडू म्हणाले, "काय सांगणार? वर या म्हणतील." मास्तर म्हणाले, "खोटं लिहायचं नाही." साडू म्हणाले, "खरं लिहायची सोय तर दिसली पाहिजे." असा अर्धा तास गेला. शेवटी मास्तरांची बायको आतून आली. तिने ओले हात पदराला पुसले, नवऱ्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "जमिनीखाली गार लागतं म्हणून मेण धरतं ना?"

"हो."

"मग गार लागणं हे हवामानच." आणि तिने 'प्रतिकूल हवामान' वर बोट ठेवून दाबलं. साडूंच्या अर्जावरही दाबलं. "आमच्या खिडकीवर लोक येतात ना, तुमच्यासारखेच, हट्टाने रकान्याबाहेर लिहिणारे. त्यांचे बाप कागदावर वर्षानुवर्षं जिवंत राहतात."

तासाभरात दोन्ही खुलासे मंजूर झाल्याचा निरोप आला. पुढच्या तिमाहीत तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. मास्तरांना त्या निवडीची रुखरुख लागली, म्हणून दर वेळी ते वेगळ्या कागदावर खरं कारण लिहून फाइलला लावायचे. तो कागद कुणी उघडून वाचला नाही. लाइनी मात्र दोन्ही वाहत होत्या. कंपनीच्या नोंदीप्रमाणे चार आणि सहा नंबरच्या स्टेशनांवर सलग अकरा महिने हवामान वाईट होतं. एक नंबर आणि पाच नंबर, जे जेमतेम मैलभर अंतरावर होते, त्यांच्याकडे आकाश निरभ्र होतं.

बाराव्या महिन्यात मुख्य ऑफिसातून एक खोकं आलं. आत दोन जाड पिवळे रेनकोट, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि साहेबांच्या सहीचं पत्र: सततच्या खराब हवामानात चिकाटी दाखवल्याबद्दल. बाहेर कडक ऊन पडलं होतं. साडूंनी रेनकोट घालून बघितला, बटणं लावली आणि म्हणाले, "मास्तर, काढू की राहू दे?"

"राहू दे," मास्तर म्हणाले. "डुक्कर येतंय. गाळ उडतो."